पाण्याचा हिशेब मांडणारा अभियंता

दरवर्षी १५ सप्टेंबर उजाडला की अभियांत्रिकी महाविद्यालये, जलसंपदा विभागाची कार्यालये आणि अभियंत्यांच्या संघटना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घालतात. अभियंता दिनाच्या भाषणांत ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. रुळांच्या आवाजावरून पुढचा धोका ओळखून त्यांनी आगगाडी थांबवली, सरकारी कामासाठी एक मेणबत्ती आणि खासगी कामासाठी दुसरी वापरली, अशा या कथा. त्यांतील बहुतेकांना कागदोपत्री आधार नाही आणि त्यांची फारशी गरजही नाही. ज्या गोष्टीसाठी या माणसाचे स्मरण ठेवावे ती या कथांपेक्षा कितीतरी रुक्ष आहे. डोंगरावर पाऊस किती पडला, नदीला पाणी किती आले, कालव्यात किती सोडले, कोणी किती घेतले आणि उरलेले कुठे गेले, याची नोंदवही विश्वेश्वरय्या यांनी आयुष्यभर ठेवली व इतरांना ठेवायला लावली. या नोंदवहीचे पहिले धडे त्यांनी महाराष्ट्रात गिरवले, आणि त्यांना सर्वांत कडवा विरोध झाला तोही येथेच.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. जन्मवर्ष काही ठिकाणी १८६०, तर काही ठिकाणी १८६१ असे आढळते. तारखेबद्दल मात्र दुमत नाही. घराणे मूळचे आजच्या आंध्र प्रदेशातील मोक्षगुंडम गावचे. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते, परंतु मुलगा शाळेत असतानाच ते निवर्तले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना विश्वेश्वरय्या शिकवण्या करून पोट भरीत. १८८१ मध्ये बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि दुसऱ्याच वर्षी इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकला, त्यानंतर खानदेशात.

पांझरेकाठी

धुळ्याजवळ पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. काम अर्ध्यावर असताना पाऊस सुरू झाला आणि खोदलेल्या चरात वाळू भरू लागली. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना त्यात शिस्तभंगाचा वास आला. विश्वेश्वरय्या यांनी मग तक्रार न करता पावसातच काम पुरे केले. नोकरीच्या आरंभी घडलेल्या या प्रसंगातून त्यांना दोन गोष्टी कळल्या असाव्यात. एक, भारतातील नदी वर्षातून चार महिने वेगळीच नदी असते. आणि दुसरी, मैलोगणती दूर बसलेल्या वरिष्ठाला पाऊस पटवून द्यायचा तर आकडे हाताशी असावे लागतात.

पांझरेच्या खोऱ्यात त्या वेळी शेकडो वर्षांची फड पद्धत नांदत होती. नदीवर बंधारे, बंधाऱ्यावरून पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी फड बदलून पिकांची पाळी फिरवायची, पाणी देण्यासाठी गावानेच पाटकरी आणि जागले नेमायचे. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवायचा, पण तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. विश्वेश्वरय्या यांनी पुढे नीरा कालव्यावर जे केले, त्याचे या पद्धतीशी असलेले साम्य डोळ्यांत भरते. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की फडाचा कारभार गावाच्या हाती होता.

खानदेशानंतर त्यांची कामे शहरांच्या पाणीपुरवठ्याकडे वळली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथील सक्कर शहराला सिंधू नदीचे गढूळ पाणी मिळे आणि गाळण्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. काठच्या वाळूतून झिरपून येणारे पाणी विहिरीत घेऊन ते उपसण्याची योजना त्यांनी आखली. नदीची वाळूच गाळणी झाली. १८९५ मध्ये ही योजना पुरी झाली. पुढे सुरत, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा अनेक शहरांच्या पाणी योजनांशी त्यांचा संबंध आला. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले. लाल समुद्राच्या तोंडावरील या लष्करी ठाण्यात वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस पडे आणि समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंडावून पिण्याचे पाणी मिळवावे लागे. शहरापासून दूर लाहेजच्या बाजूला नदीपात्राखाली असलेले पाणी वापरण्याची शिफारस त्यांनी केली आणि मैलापाण्याच्या निचऱ्याची योजनाही दिली. पाणी आणणे आणि वापरलेले पाणी नेऊन सोडणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या अहवालांत गृहीतच धरलेले असे. आपल्या शहरांनी पुढील काळात पहिली बाजू मन लावून केली आणि दुसरी नदीवर सोडून दिली.

नीरेचे पाणी, उसाचे शिवार

१८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्याच्या पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता झाले. मुठा कालवे आणि नीरा डावा कालवा त्यांच्या ताब्यात आले. ते वर्ष दुष्काळाचे होते. १८९६-९७ च्या दुष्काळातून दख्खन सावरतो न सावरतो तोच पावसाने पुन्हा पाठ फिरवली होती.

नीरा डावा कालवा खास दुष्काळी मुलखासाठीच काढलेला. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण, खाली नीरेवर वीरचा बंधारा आणि तेथून पुरंदर, बारामती, इंदापूर तालुक्यांतून जवळजवळ शंभर मैल वाहणारा पाट. ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू पिकांना दोन-चार पाळ्या मिळाल्या तरी दुष्काळात माणसे आणि जनावरे तगतील, असा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात पाऊस बरा झाला की ज्वारीवाला शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे, कारण पाणीपट्टी भरण्यापेक्षा आभाळाकडे पाहणे स्वस्त. ज्यांनी ऊस लावला ते मात्र बारा महिने पाणी मागत. पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर आकारली जाई. पाणी किती घेतले याची मोजदाद नव्हती. त्यामुळे कालव्याच्या तोंडाशी असलेला बागायतदार आपले शिवार तुडुंब भरून घेई आणि शेवटच्या गावांत पाणी पोचेपर्यंत पाळी संपलेली असे. कोणत्या गावाला किती पाणी लागणार याचा अंदाज खात्याला हंगामाच्या आरंभी येत नसे. पाणी सोडणे न सोडणे कालव्यावरच्या खालच्या नोकरांच्या मर्जीवर राही, आणि जेथे मर्जी चालते तेथे चिरीमिरीही चालते.

विश्वेश्वरय्या यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे ब्लॉक पद्धत. प्रत्येक गावाच्या भिजणाऱ्या क्षेत्राचे ठरावीक तुकडे पाडायचे. जेथे जमिनीचा निचरा चांगला तेथेच ते घ्यायचे. तुकड्यातील सुमारे एक तृतीयांश क्षेत्रावर ऊस किंवा तशा बारमाही पिकाला परवानगी. बाकीच्यावर हंगामी भुसार पिके आणि कडधान्ये. आणि ही पिके तीन वर्षांत आळीपाळीने जमिनीवर फिरवायची. पाण्याची मंजुरी एका हंगामापुरती न देता काही वर्षांसाठी एकदम द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला भरवसा आणि खात्याला अंदाज. मुख्य म्हणजे प्रत्येक ब्लॉकला पाणी मोजून द्यायचे.

मोजून हा शब्द झोंबला. बागायतदारांनी योजनेला जोरदार विरोध केला. सरकार उसावर बंदी आणते आहे, पट्टी वाढवण्याचा हा डाव आहे, असा बोलबाला झाला. विरोध करणारे सगळेच स्वार्थी होते असे म्हणता येणार नाही. गुऱ्हाळात, विहिरीत, बैलांत ज्यांनी कर्ज काढून पैसा घातला होता, त्यांना दर दहा दिवसांची पाळी चुकणे परवडणारे नव्हते. आणि दुष्काळात सारा वसूल करणाऱ्या सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे त्यांना कारणही नव्हते. विश्वेश्वरय्या यांनी कालव्यावरच्या बागायतदारांच्या बैठका घेतल्या, योजना समजावून सांगितली आणि ज्यांना ती पटली तेथून सुरुवात केली. १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा हा प्रयोग सरकार दरबारी गंभीरपणे घेतला जाऊ लागला होता.

ब्लॉक पद्धतीचे पुढे जे झाले ते मात्र कोणत्याही चरित्रात फारसे रंगवले जात नाही. अनेक वर्षांच्या मंजुरीमुळे भरवसा आला, आणि तोच भरवसा उसाच्या पथ्यावर पडला. विसाव्या शतकात दख्खनच्या कालव्यांवर साखर कारखाने उभे राहिले तेव्हा ब्लॉक म्हणजे उसाच्या हक्काचे पाणी, असाच अर्थ रूढ होत गेला. एक तृतीयांशाची मर्यादा मागे पडली, मंजुरी तेवढी राहिली. दुसरीकडे, निचऱ्याच्या जमिनी निवडण्याच्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात जमिनी पाणथळ आणि चोपण होऊ लागल्या. १९२० च्या दशकात बारामती परिसरात त्यासाठी खोल चर काढण्याचे प्रयोग करावे लागले. महाराष्ट्रात आठमाही पाणीवाटपाचे धोरण १९८० च्या दशकात आले, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला, आणि घनमापन पद्धतीने, म्हणजे पाणी मोजून देण्याचे तत्त्व त्यात लिहिले गेले. नीरेच्या पाटावर हे तत्त्व त्याआधी शंभर वर्षे मांडून झाले होते. टेलच्या शेतकऱ्याची तक्रार मात्र १८९९ मध्ये होती तीच आहे.

खडकवासल्याचे दरवाजे

पुणे शहर आणि छावणीला पाणी देणारे खडकवासल्याचे धरण तेव्हा फाईफ तलाव म्हणून ओळखले जाई. मुठेच्या खोऱ्यात आषाढ-श्रावणात इतके पाणी येई की तलाव भरून सांडव्यावरून वाहत राही, आणि उन्हाळ्यात तोच तलाव अपुरा पडे. भिंत उंच करावी तर दगडी बांधकामावर पुराचा ताण वाढणार. सांडव्यावर दारे बसवावीत तर पुराच्या रात्री ती उघडणार कोण? शहरापासून दूर, मुसळधार पावसात, माणसाच्या हाताने जड दारे वेळेवर उघडली जातील याची खात्री कोणालाच देता येत नव्हती.

यावर विश्वेश्वरय्या यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. कप्प्या आणि वजने यांच्या साहाय्याने तोललेले हे दरवाजे पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की स्वतःहून उघडत, जादा पाणी जाऊ देत आणि पातळी उतरली की पुन्हा बंद होत. १९०३ मध्ये ते खडकवासल्याच्या सांडव्यावर बसवण्यात आले. मूळ भिंतीला हात न लावता तलावाची साठवण पातळी आठ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते. परंतु सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे स्वामित्वधन घेणे त्यांनी नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर असेच दरवाजे बसले. तिग्रा धरण १९१७ मध्ये फुटून मोठी प्राणहानी झाली, पण दोष पायातील खडकात होता, दरवाजांत नव्हता.

पावसाळ्यात धरणाखालच्या वस्त्यांना सावध करणाऱ्या विसर्गाच्या बातम्या पुणेकर आता रोज वाचतात. किती पाणी राखायचे आणि किती सोडायचे, हा त्या बातम्यांमागचा पेच आहे. खडकवासल्याचे दरवाजे हे त्या पेचाचे यांत्रिक उत्तर होते. त्याचे दुसरे, अधिक अवघड रूप त्यांना हैदराबादेत भेटले.

मुसीचा महापूर

मुंबई इलाख्यात अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत पोचल्यावर विश्वेश्वरय्या यांनी १९०८ मध्ये मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसाला मिळत नसे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळात वावरलेल्या या अधिकाऱ्याला ती मर्यादा ठाऊक होती. निवृत्तीनंतर ते युरोप आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यात असतानाच निजाम सरकारची तार त्यांना मिळाली.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहराची दाणादाण उडवली होती. बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळाने मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या खोऱ्यात अतोनात पाऊस पाडला. शमशाबाद येथे २४ तासांत १२ इंचांहून अधिक आणि ४८ तासांत १८ इंचांहून अधिक पावसाची नोंद झाली. नदीकाठचे मोहल्ले, पूल, इस्पितळ वाहून गेले. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

एप्रिल १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादेत दाखल झाले. नदीकाठी भिंती बांधा, पात्र खोल करा, असे सल्ले तयारच होते. त्यांनी आधी हिशेब मांडायला घेतला. पुराच्या खुणांवरून नदीचा छेद आणि उतार मोजला आणि शहरापाशी सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहिल्याचा अंदाज काढला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील अतिवृष्टीच्या नोंदी मागवून, असा पाऊस या मुलखात पुन्हा पडू शकतो का, हे तपासले. मुसीच्या खोऱ्यातील तलावांची मोजणी केली. सुमारे ८६० चौरस मैलांत ७८८ तलाव निघाले आणि त्यांपैकी २२१ त्या पुरात फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे, तोही फुटे, आणि अशी साखळी शहरापर्यंत आली होती. आभाळातून पडलेल्या पावसाला माणसांनी बांधलेल्या, पण कोणीच न पाहिलेल्या बांधांची जोड मिळाली होती. पूर म्हणजे केवळ दैवी कोप नव्हे, हे या मोजणीने दाखवून दिले.

१ ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांनी अहवाल सादर केला. शहराच्या वरच्या बाजूला मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन जलाशय बांधावेत, पुराचे पाणी तेथे अडवावे आणि पात्राला झेपेल एवढेच हळूहळू सोडावे, असा त्याचा गाभा होता. त्यासाठी जलाशयात पुरापुरती जागा रिकामी राखणे आवश्यक होते. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. शहराचे मैलापाणी नदीत न सोडता भुयारी गटारांतून बाहेर नेण्याच्या योजनेसाठी विश्वेश्वरय्या १९२२ मध्ये आणि त्यानंतरही हैदराबादला आले.

दोन्ही जलाशय पुढे शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार झाले, आणि तेथेच पेच उभा राहिला. पुरासाठी तलाव रिकामा हवा, तहानेसाठी भरलेला हवा. पाणलोट क्षेत्रातील बांधकामांवर निर्बंध घालणारा शासनादेश क्रमांक १११ आंध्र प्रदेश सरकारने १९९६ मध्ये काढला, जलाशयांभोवतीच्या १० किलोमीटर पट्ट्यासाठी. तेलंगण सरकारने ते निर्बंध उठवण्याचा आदेश २०२२ मध्ये काढला. त्याआधी दोनच वर्षे, ऑक्टोबर २०२० मध्ये, एका दिवसात सुमारे १९ सेंटीमीटर पाऊस पडून हैदराबादचे अनेक भाग बुडाले, हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. खोऱ्यातील तलावांची १९०९ सारखी मोजदाद आज कोणी करायला घेतली, तर त्यांतील किती जागेवर सापडतील हा प्रश्नच आहे.

कावेरीचा वाद

हैदराबादचे काम आटोपताच नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज १९०२ पासून मिळत होती, पण उन्हाळ्यात कावेरी आटली की वीज घटे. म्हैसूरजवळ कण्णंबाडी येथे धरण बांधून साठवण केली तर वीजही अखंड राहील आणि मंड्याचा कोरडा मुलूखही भिजेल, अशी ही योजना. त्यांनी साडेएकेचाळीस टीएमसी साठवणीचा जलाशय मागितला. कावेरीच्या खालच्या अंगाला तंजावरचा भातपट्टा असलेल्या मद्रास सरकारने आक्षेप घेतला आणि हिंदुस्थान सरकारने फक्त ११ टीएमसीला मान्यता दिली. तरीही १९११ मध्ये काम सुरू करताना त्यांनी पाया मोठ्या धरणाचाच घातला. यात दूरदृष्टी होती तशी अरेरावीही होती. परवानगी लहान धरणाची आणि पाया मोठ्याचा, हे मद्रासने विश्वासघात मानले असल्यास नवल नाही.

प्रकरण लवादापुढे गेले. न्यायमूर्ती ग्रिफिन यांनी १९१४ मध्ये बहुतांशी म्हैसूरच्या बाजूने निवाडा दिला, मद्रासने त्यावर दाद मागितली आणि अखेर १९२४ मध्ये दोघांत करार झाला. या वादाचा कस धरणाच्या उंचीवर नव्हे, तर नोंदींवर लागला. नदीला एरवी किती पाणी येते, जलाशयात रोज किती आले, त्यातून खाली किती सोडायचे आणि ते कोणत्या मोजपट्टीवर पाहायचे, याचे नियम दोन सरकारांना मिळून लिहावे लागले. भिंतीचे बांधकाम सिमेंटऐवजी मुख्यतः सुरखीच्या चुन्यात झाले. कृष्णराजसागर पूर्ण व्हायला १९३० चे दशक उजाडले. कण्णंबाडी हे गाव पाण्याखाली गेले आणि त्याचे नाव धरणाला चिकटून राहिले.

१९२४ च्या कराराची पन्नास वर्षे संपल्यावर तोच वाद कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यात पेटला. १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा निवाडा आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूसाठी बिळिगुंडलू येथे वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी देण्याचे ठरवले. त्याच वर्षी कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण आणि त्याच्या हाताखाली नियमन समिती स्थापन झाली. खोऱ्यातील प्रमुख जलाशयांची पातळी, आवक आणि विसर्ग यांवर देखरेख करणे हे या समितीचे काम. २०२३ च्या तुटीच्या पावसाळ्यात तिने रोज पाच हजार क्युसेक पाणी सोडण्यास सांगितले तेव्हा मंड्याचा शेतकरी रस्त्यावर आला आणि २९ सप्टेंबरला कर्नाटक बंद पाळला गेला. मंड्याला हिरवा करणाऱ्या विश्वेश्वरय्या यांची छायाचित्रे तेथे घरोघरी असतात. तंजावरच्या भातशेतीत तशी ती असण्याचे कारण नाही.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक, विद्यापीठ, कारखाने यांची त्या काळातील यादी मोठी आहे आणि ती सर्वश्रुतही आहे. दिवाणपद सोडण्यामागचे कारण मात्र अभियंता दिनाच्या भाषणांत येत नाही. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत अधिक जागा देण्याचा महाराजा कृष्णराज वडियार यांचा मानस होता. गुणवत्तेला धक्का लागेल म्हणून विश्वेश्वरय्या यांचा त्याला विरोध होता. त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, पण पाण्याच्या वाटपात टेलच्या गावाचा विचार करणाऱ्या माणसाला शिक्षणाच्या पाटाचे तोंड कोणाच्या शेताला लागून आहे हे दिसले नाही, असे आज म्हणावे लागते. महाराजांचा पक्ष अधिक न्याय्य होता.

त्यानंतरची चाळीस वर्षेही ते कामात होते. १९३७ मध्ये ओरिसातील महापुरांनंतर महात्मा गांधींच्या सूचनेवरून त्यांनी महानदीच्या त्रिभुज प्रदेशाची पाहणी केली आणि नदीच्या वरच्या अंगाला साठवण करून पूर रोखण्याची दिशा दाखवली. हिराकूडचा विचार पुढे त्याच वाटेने गेला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. कडक इस्त्रीचा सूट, डोक्याला म्हैसुरी फेटा आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारा दिवस, हा क्रम नव्वदीनंतरही मोडला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे नवे धरण फुटले. त्याचे पाणी खाली खडकवासल्यात उतरले आणि काही तासांत तेही धरण फुटून मुठेने पुणे धुऊन नेले. १९०३ मध्ये ज्या भिंतीच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्या यांनी दरवाजे बसवले होते, ती हीच. वरचा बांध फुटून खालच्यावर आदळण्याची जी साखळी त्यांनी मुसीच्या खोऱ्यात मोजून दाखवली होती, तीच मुठेच्या खोऱ्यात घडली. ते तेव्हा बंगळूरला होते, वयाच्या शंभरीला टेकलेले. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांची समाधी असून वस्तुसंग्रहालयही आहे.